गोदामाला घरचं कुलूप

राइस मिलच्या गोदामातून पोती उचलली की खाली सांडलेला तांदूळ उरतो. त्यात माती असते, कोंडा असतो, सुतळीचे तुकडे, उंदराच्या लेंड्या असतात. याला झाडण म्हणतात. मालकाच्या हिशेबी तो कचरा, झाडणाऱ्या बायांच्या हिशेबी मजुरीवरची कमाई. घरी नेऊन पाखडलं, निवडलं, दोन पाण्यांनी धुतलं की कणीचा भात होतो. ज्या बाईनं झाडू मारला तिचं झाडण, आणि जी आधी आत शिरली तिच्या वाट्याला जास्त. हा रिवाज कुठं लिहिलेला नव्हता. पण गोंदियात मिलचे मालक बदलले, पाट्या बदलल्या, तरी झाडणाला कोणी हात लावला नव्हता.

रिंगरोडजवळच्या अशाच एका मिलमध्ये धुरपताबाई झाडूवाल्या बायांची म्होरकी होती. तिला कोणी नेमलं नव्हतं. भांडायची वेळ आली की बाकीच्या चौघी आपोआप तिच्या मागे उभ्या राहत, एवढंच.

ती मूळची गोरेगावकडची. लग्न होऊन गोंदियात आली आणि आधी बिड्या वळायला बसली. ठेकेदाराचा माणूस माल घेताना मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्याची मजुरी नाही, आणि त्या बिड्याही परत नाहीत; त्या गुपचूप त्याच्याच टोपलीत जायच्या. धुरपतानं एक दिवस ती मूठ त्याच्या हातातून घेतली आणि त्याच्यादेखत कुस्करून टाकली. खराब आहे ना, मग कोणाच्याच कामाची नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या खराब बिड्या एकदम कमी झाल्या. पण महिन्याभरात तिला बिड्यांसाठीचं पान-तंबाखू देणंच बंद झालं. नवरा म्हणाला, जीभ जरा आवर. तिनं जीभ आवरली नाही. हातात झाडू घेतला आणि मिलमध्ये आली.

तांदळात सोंडे पडले की गोदामात गोळ्या टाकतात. पोत्यांच्या थप्पीवर प्लॅस्टिकची मोठी चादर ओढायची, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबायच्या आणि आत गोळ्या ठेवायच्या. हवेतला ओलावा लागला की त्यातून वायू निघतो. तो सोंड्यांना मारतो, आणि माणसालाही सोडत नाही. म्हणून या गोळ्या सरकारदरबारी नोंदलेलं जहर आहे. त्या दुकानातून कोणालाही विकायच्या नाहीत, परवान्याच्या माणसानंच वापरायच्या, दाराला कुलूप घालायचं, वर धोक्याची पाटी लावायची, आणि वायू पूर्ण निघाल्याची तपासणी झाल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नाही, असा कायदा आहे. या मिलमध्ये मात्र हे काम सुपरवायझर छोटेलाल करायचा. तोंडाला गमछा, एवढाच त्याचा परवाना. गोळ्या कुठून यायच्या, ते त्याला आणि मिलमालक सेठला ठाऊक.

२००६ च्या पावसाळ्यात चादर निघाल्याबरोबर त्या चौघींतली गिरजा सगळ्यांच्या आधी आत धावली होती. अर्ध्या तासात तिला वांत्या सुरू झाल्या, मग ती थप्पीला टेकून खाली घसरली. छोटेलाल म्हणाला, पित्त झालं. धुरपतानं तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं काम विचारलं, गोदाम म्हणताच डोक्याला हात लावला. डब्यावर सगळं लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही का, म्हणाला. गिरजा वाचली, पण चार पायऱ्या चढली तरी धापा टाकायची. झाडू तिचा सुटला तो सुटलाच.

हे धुरपताच्या मनात वर्षभर घट्ट बसलं होतं. २००७ च्या भादव्यात छोटेलालनं पुन्हा गोळ्या टाकल्या. दुसऱ्याच दिवशी माल उचलायला ट्रक आला. छोटेलालनं बायांना हाक मारली, चला, चादरी ओढा आणि झाडून घ्या. दाराच्या फटीतून कुजक्या लसणासारखा वास येत होता.

धुरपता जागची हलली नाही. तिनं रिकामा डबा मागितला.

"डब्यात का पाहशील? तुले वाचता येते का?" छोटेलाल हसला.

"मले नाही येत. तुमाले येते ना? मंग तुमीच वाचा. हमालबी ऐकतीन."

गंमत म्हणून त्यानं डबा उचलला आणि शाळेतल्या पोरासारखा हेल काढून वाचू लागला. लाल त्रिकोण, कवटी, मग हिंदीतल्या ओळी. केवल प्रशिक्षित व्यक्ति. दरवाजे पर ताला. इथपर्यंत आवाज ठणठणीत होता. 'साँस में जाने पर मृत्यु' या ओळीला तो उतरला. त्यानं डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "अरे, कंपनीवाले तो कुछ भी लिखते हैं. बीस साल से डाल रहा हूँ, मी मेलो का?"

कोणी हसलं नाही. पण कोणी मागेही सरलं नाही. उलट अनुसयाबाई पुढे झाली. ती धुरपताच्याच वस्तीतली, तोंडाची तिखट. आपण नाही गेलो तर हा दुसऱ्या मोहल्ल्यातल्या बाया आणेल, आणि झाडण कायमचं हातचं जाईल, ही तिची भीती खोटी नव्हती.

"काऊन वो, आमच्या पोटावर कायले पाय देऊन राहिली?"

"पोट वाचलं तर पाय देईन ना. गिरजाले जाऊन इचार."

धुरपता घरी गेली. वस्ती मिलच्या मागेच होती. आपल्या दाराचं कुलूप काढून आणलं, गोदामाच्या कडीत अडकवलं, चावी कमरेला खोचली आणि उंबऱ्यावर बसली. अनुसयाबाई म्हणाली, घर उघडं टाकून आली, चोर शिरेल. शिरू दे, धुरपता म्हणाली, काही सापडलं तर मलेबी दाखवून जाईल.

सेठ आला. त्यानं हमालाला कुलूप तोडायला सांगितलं. तोडा की, धुरपता म्हणाली, पण जो तोडेल त्यानंच पहिले आत जायचं. हमालानं नुकताच डबा ऐकला होता. तो बिडी पेटवायचं निमित्त करून ट्रकमागे गेला.

"पुलिस बुलाऊँ क्या?" सेठनं मोबाइल काढला.

"बलावा. छोटेलालभाऊले म्हणा, डबा घेऊन उभा राह्य. कोणी टाकल्या, कोठून आणल्या, ते सायबाले तोच सांगेल."

सेठनं मोबाइल खिशात ठेवला. ट्रक रिकामा गेला.

तिसऱ्या दिवशी सेठनं बोलावलेला परवान्याचा माणूस नागपूरहून आला. सोबत मुखवटा, वायू मोजायचं यंत्र, पाट्या. गोळ्या कोणी टाकल्या म्हणून त्यानं विचारलं, तर छोटेलालनं सेठकडे पाहिलं आणि सेठनं छताकडे. दार उघडण्याआधीच परवान्याच्या माणसानं आणखी एक गोष्ट सांगितली. असं कसंही काम केलंय, गोळ्यांची भुकटी नक्की सांडली असेल. यातलं झाडण खायचं नाही, सगळं पुरून टाकायचं.

बायांचे चेहरे पडले. अनुसयाबाईनं धुरपताकडे असं पाहिलं की शिवी परवडली असती.

धुरपताचा हात चावीवर गेला होता, तो थांबला. ती सेठसमोर उभी राहिली.

"झाडण आमचं होतं. त्याच्यात जहर तुमी कालवलं. आता तेवढीच साफ कणी द्या, पाचही बायांले. गिरजालेबी धरून."

"गिरजा तो काम पे ही नहीं है."

"कोणाच्यापाई नाही?"

सेठ चिडला, हिंदीत बरंच बोलला. झाडणच बंद करतो म्हणाला. धुरपतानं ऐकून घेतलं आणि पुन्हा उंबऱ्यावर बसली. नागपूरच्या माणसाला संध्याकाळची गाडी पकडायची होती. तो घड्याळ पाहू लागला. दुपार कलली तेव्हा मिलमधून साफ कणीची पोती बाहेर आली. चावी तिनं परवान्याच्या माणसाच्या हातात दिली, सेठच्या नाही.

पुढच्या हंगामात गोदामाला मिलचं कुलूप लागलं, वर पाटी लागली, गोळ्या टाकायला नागपूरचाच माणूस आला. निरोप आला, झाडूवाल्या बायांनी यावं, धुरपता सोडून. निरोप सांगायला अनुसयाबाईच आली. दारात उभी राहून म्हणाली, चाल. तुझं नाव नाही, पण चाल.

फाटकावर छोटेलालनं तिला अडवलं. धुरपता तिथंच मातीत बसली. अनुसयाबाई तिच्या शेजारी बसली. मग बाकीच्याही बसल्या, झाडू मांडीवर घेऊन. आत गोदामाची दारं उघडून ठेवली होती आणि यंत्रवाला अजून नकाराची मान हलवत होता.

"कितना टाइम बैठोगी?" छोटेलालनं विचारलं.

"वायू निघेपर्यंत तर बसाचंच आहे," धुरपता म्हणाली. "तेवढ्यात सेठले इचारून या, झाडू कोण मारते ते."