कपाटाऐवजी कीबोर्ड

सुमनताई गेली. आज सकाळी.

कोणाकोणाला फोन करायचे सुचत नाहीये, म्हणून इथेच लिहितेय. एका जागी बसवतही नाहीये.

माझी मोठी बहीण. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या लग्नात तिने कीबोर्ड वाजवलाय. पण तो आमच्या घरात कसा आला, हे फार थोड्यांना माहीत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आजोबांचा हातमाग बंद पडलेला, बाबा हिंगण्याच्या कारखान्यात. ताईचं लग्न उमरेडला ठरलं होतं. मुलाकडच्यांना लोखंडी कपाट हवं होतं.

ते बघायला बाबा आम्हा दोघींना सीताबर्डीला घेऊन गेले. वाटेत वाद्यांच्या दुकानावर कापडी बोर्ड: इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर दिवाळीची खास सूट, फक्त धनत्रयोदशीपर्यंत.

ताई भजनी मंडळात पेटी वाजवायची. आत शिरली, एक पट्टी दाबली.
बोट उचलेचना.

"बाबा, मले कपाट नको. हे पाहिजे."

"काहून वं? सासरी कुठं ठेवशीन?"

"जिथं कपाट ठेवणार होती, तिथं."

बाबा हसले नाहीत. काहीच न घेता घरी आलो.

मग ताईचं जेवणात लक्ष लागेना. ताटाच्या काठावर बोटं. भिंतीवर बोटं. मी शेजारी झोपले की माझ्या पाठीवर.

"सूट संपून राहिली नं," एवढंच म्हणायची.

शेवटी बाबांनी मुलाकडच्यांना बोलावून सरळच विचारलं, कपाटाऐवजी बाजा चालेल का?

मुलाचे वडील म्हणाले, "बाजा आम्हीच आणतो लग्नात. तुम्ही कपाटाचं पाहा."

मुलगा चहाच्या कपात बघत बसला.

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मंग कपाटाशीच लावा त्याचं लग्न!"

लग्न मोडलं.

आईने ताईशी बोलणं सोडलं. मोहल्ला मात्र भरपूर बोलला. बाबा नुसते अंगणात येरझाऱ्या घालायचे.

धनत्रयोदशीला बाबा शिफ्टवरून वेळेवर आलेच नाहीत. आई आत-बाहेर, आत-बाहेर. दिवे लागले तेव्हा सायकल हाताने ढकलत आले. कॅरिअरला भलामोठा खोका.

"आजच सूट संपत होती," एवढंच बोलले.

शेजारीपाजारी गोळा झाले. ताईने वायर लावली, आणि लाईट गेली!

कोणीही हललं नाही. ताई अंधारात मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवत राहिली. लाईट आली तसा एवढा मोठा आवाज निघाला की सगळे दचकले.

पहिली हसली ती आई. मग पदर तोंडाला लावून रडली.

पुढे ताई ऑर्केस्ट्रात गेली. काटोलपासून भंडाऱ्यापर्यंत वाजवलं. लग्न केलं ते उशिरा, स्वतःच्या पसंतीने. साठीनंतर कॉम्प्युटरवर म्युझिक करायला शिकली. दर दिवाळीत तिचा फोन: "सॉफ्टवेअरवर सेल लागला वं! नवीन आवाज घेतला, ऐकून पाह्य."

मघाशी इथे ताईच्या घराची बेल वाजली. तिच्या शिकवणीच्या मुली, दप्तरं घेऊन. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

"मॅडम आहेत?"

मी दार पूर्ण उघडलं, त्यांना आत घेतलं.

आता त्या तिच्याजवळ बसल्यात.

नीट जा वं, ताई.