मामाला पाडणारा सिनेमा

खेळावरचा सिनेमा उत्तम कशाने होतो, हे मला कुणी विचारलेलं नाही. ज्यांना ते कळायला हवं होतं ते माझ्या मामाकडे आले, त्याचा चहा प्यायले, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी स्वतःच्या मनाचंच करून मोकळे झाले.

मामा इस्पितळाच्या धुलाईघरात काम करतो. वाफेच्या यंत्रातून चादरी काढायच्या, झटकायच्या, घड्या घालून वॉर्डांप्रमाणे ढीग लावायचे. तरुणपणी तो पळायचा, पण जिंकायला नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक माणूस मुद्दाम पुढे ठेवतात. त्याने ठरल्या वेगाने पळायचं, वारा अंगावर घ्यायचा, मागच्या नावाजलेल्या धावपटूला त्या वेगावर आणून सोडायचं, आणि शेवटचे दोन फेरे उरले की गुपचूप बाजूला व्हायचं. त्याला पेसर म्हणतात. टाळ्या मागच्याला. मामाने जन्मात एकही शर्यत पुरी केली नाही, आणि पुरी न करणं हेच त्याचं काम होतं.

मामीच्या भावांच्या डोक्यात हे काही केल्या शिरेना. त्यांनी त्याचं नाव अर्धेराव ठेवलं. मामाच्या कपात घोटभर चहा राहिला तरी त्यांचा हशा. मामी हसायची नाही, पण भावांना गप्पही करायची नाही. तिने नवऱ्याला पळताना पाहिलंच नव्हतं, तर बोलणार काय?

मग मामा ज्याच्या पुढे पळायचा त्या विक्रमवीरावर सिनेमा निघाला आणि दिग्दर्शक घरी आला. टोपी उलटी, गॉगल कपाळावर, बोलणं त्याहून उलटं. मामाने दोन कॉटच्या मधल्या जागेत त्याला पळून दाखवलं. "असा डावा पाय आत टाकायचा. मागे बघायचं नाही. बघितलं की मागच्याची लय जाते." मग त्याने विक्रमाच्या शर्यतीचं सांगितलं. त्या दिवशी मामाच्या पायांत भरपूर जोर होता आणि मागचा भात्यासारखा धापा टाकत होता. मामा थांबला नसता तर जिंकला असता. तरी ठरल्या जागी तो बाजूला झाला.

"अंगावर काटा आला, काका!" दिग्दर्शक म्हणाला. मलाही आला होता. झालं, हाच सिनेमा, मला वाटलं. अंगात बळ असलेला माणूस जिंकत असताना पाऊल बाहेर टाकतो, यापुढे आणखी काय हवं? पण तेवढी अक्कल असती तर त्याने टोपी सरळ घातली असती.

पहिल्याच खेळाला मामाने मामीला आणि तिच्या सगळ्या भावांना नेलं. आपण काय करत होतो ते मामीने एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढंच त्याला हवं होतं.

सिनेमात नायकाची आई खोकली. गुरुजी ओरडले. नायक चिखलात पळाला, वाळूत पळाला, गाण्यातही पळाला. त्याच्या नाकावरून घामाचा एक थेंब इतक्या सावकाश ओघळला की तेवढ्यात मी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या असत्या. आणि मामा? मामाला मिशा आणि छद्मी हसू. उर्मटपणे पुढे घुसतो, कोपर मारतो, दोन फेरे उरले की तोंडावर आपटतो. नायक थांबतो. विक्रमाच्या शर्यतीत थांबतो! त्याला उठवून बसवतो आणि वर विक्रमही करतो. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. मामीचे भाऊ तर उभे राहिले.

मी दिग्दर्शकाला फोन लावला. "अहो, माणूस आपणहून बाहेर गेला तर पब्लिकला कळत नाही," तो म्हणाला. "पडला की कळतं."

घरी मामीने चपला काढता काढताच विचारलं, "अहो, खरंच पडला होतात?"

"कधीच नाही. काम झालं की बाहेर, बस."

"दम लागला होता?"

"छे गं! पाय नुसते उडत होते. थांबलो नसतो तर मीच जिंकलो असतो."

आता तरी तिला कळेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"म्हणजे जिंकत होतात आणि सोडून आलात?" मामी म्हणाली. "सिनेमातला निदान पडला तरी!" आणि ती आत निघून गेली. मामा बराच वेळ शर्टाची एकच गुंडी काढत बसला. मला त्या दिग्दर्शकाच्या दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. एक मामीच्याही.

पुढच्या रविवारी भाऊमंडळी जेवायला आली. थोरल्याने सुरुवात केली, "काय भावजी, खरंच पडला होतात की काय?"

मामाने घास गिळला. "हो," तो म्हणाला. "पोटऱ्यांत गोळे आले. नाहीतर सोडत नव्हतो."

मी तोंड उघडणार होते, पण कुणी हसलंच नाही. "होतं असं," थोरला म्हणाला. "नशीब एकेकाचं."

मामीला खरं काय ते ठाऊक होतं. तरी तिने आधी मामाला वाढलं आणि भावांकडे वळून म्हणाली, "थंडीत गुडघा अजून ठणकतो त्यांचा."

मामाने मान हलवली आणि आपल्या धडधाकट गुडघ्यावरून हात फिरवला.