परांचीखालचे बूट

दादा गेल्याचं कळवायला फोन केला, की पलीकडून पहिला प्रश्न बहुतेक एकच येतो. "अरे देवा, कुठून पडला?"

आयुष्यभर परांच्या बांधणारा माणूस गेला म्हणजे तो पडूनच गेला असणार, असं लोक धरून चालतात. मी सांगते, पडला नाही. काविळीनं गेला, घरात, पलंगावर. मला आणखी काही सांगावंसं वाटतं, पण फोनवर ते जमत नाही. म्हणून लिहायला बसले आहे. रोज थोडंच लिहून होतं.

आमचं गाव कन्नडच्या पुढं, घाटाच्या अंगाला. वडील मेंढरं राखायचे. दादा शाळा अर्ध्यावर सोडून औरंगाबादला आला आणि परांच्या बांधायला शिकला. इमारतीला प्लास्टर किंवा रंग करायचा, तर गवंड्यांना उभं राहायला भिंतीलगत बांबूंचा सांगाडा बांधतात, ती परांची. काथ्याची दोरी भिजवून बांबू आवळायचे. दोरी वाळली की गाठ आणखी घट्ट होते. चढायचं अनवाणी, पायाच्या अंगठ्यात आणि बोटांत बांबू धरून. त्यामुळं दादाचे दोन्ही अंगठे बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखे बाजूला सरकलेले होते. मी त्यावरून त्याला चिडवायची.

बारावीनंतर त्यानंच मला शहरात आणलं. वाळूजच्या कारखान्यांना लागून असलेल्या रांजणगावात पत्र्याच्या छपराची एक खोली होती. मी सकाळी बसनं कॉलेजला जायची, तो कामावर. संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसले, की तो स्टोव्हचा आवाज नको म्हणून भाकरी बाहेर चुलीवर थापायचा. भाकरी त्याला माझ्यापेक्षा चांगली यायची.

मग वाळूजच्या कारखान्यांनी बांबू बंद केला. नव्या शेडची कामं निघत होती आणि तिथं लोखंडी पाइपांचीच परांची लागायची, तीही शिकलेल्या माणसानं बांधलेली. एका ठेकेदारानं आपल्या आवारात प्रशिक्षण सुरू केलं. शेवटी परीक्षा, पास झाला तर फोटो लावलेलं कार्ड. कार्ड नसेल तर कारखान्याच्या फाटकातून आत सोडत नसत.

दादाला कार्ड मिळालं नाही, तर त्यानं गावी मेंढरांकडं परत जायचं असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं. तो गेला की खोली जाणार आणि खोली गेली की माझं कॉलेज. आम्ही दोघं हे एकमेकांशी कधी बोललो नाही. पण माझी पुस्तकं ठेवायला त्यानं भिंतीवर जी फळी ठोकली होती, तिच्याकडं तो त्या दिवसांत सारखा बघायचा.

प्रशिक्षणाचं पुस्तक हिंदीत होतं. दादा अक्षरं जुळवत वाचायचा आणि वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेतो सुरुवात विसरायचा. म्हणून रात्रीच्या जेवणाआधी मी वाचायची आणि आमच्या बोलीत सांगायची. खाली जमीन चोपून घ्यायची, उभ्या पाइपाखाली बैठकीला चपटी, चौकोनी लोखंडी पाटी ठेवायची. कमरेच्या पट्ट्याचा हूक पाइपाला अडकवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. परांची भिंतीला जिथं जखडली आहे, ते सांधे उतरवताना घाईनं सोडायचे नाहीत. जे शेवटी लावलं, ते आधी काढायचं.

"हे तर वाघरासारखंच हाय," तो म्हणाला.

वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायचं जाळं. संध्याकाळी खुंट्या ठोकून लावायचं, सकाळी सोडायचं आणि पुढच्या रानाला निघायचं. वडील सोडताना कुणाला हात लावू देत नसत. बांधताना माणूस जपून असतो, सोडताना त्याचं मन पुढच्या मुक्कामाला गेलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. खुंट्या उपटल्यावर ते प्रत्येक भोक पायानं माती लोटून बुजवायचे. दादानं लहानपणी हे सगळं इतक्या वेळा पाहिलं होतं, की पुस्तकातलं उतरवण्याचं प्रकरण त्याला एका वाचनात पाठ झालं.

परीक्षेच्या दिवशी मला कॉलेज नव्हतं. मी डबा घेऊन त्या आवारात गेले आणि कडुनिंबाखाली इतर डबेवाल्या बायकांत बसले. शिकवणारे सर ठेंगणे होते, आवाज मात्र सगळ्या आवारात पुरायचा. दादाच्या जोडीला शहागंजचा एक जण होता. दादा त्याला भाई म्हणायचा. भाईला गप्प बसता येत नसे.

दादा परांचीपाशी आला. वाकला, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट जोडीनं पायथ्याशी नीट लावून ठेवले, खालच्या पाटीला हात लावून कपाळाला नेला आणि वर चढला. पट्टा बांधलेला, हूक अडकवलेला, सगळं पुस्तकात होतं तसं. फक्त पाय उघडे.

भाई वरूनच ओरडला, "अरे भाई, दर्गे पे आया क्या? जूते नीचे कायको उतारा?"

सगळे हसले. दादाला कळेचना. खाली बघितल्यावर आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं.

"हे बूट कुणाचे?" सरांनी विचारलं.

"माझे, सर."

"मग तुम्ही खाली या आणि त्यांच्यापाशीच बसा."

परीक्षा तिथंच संपली. सर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या हाताला मी नावं ठेवत नाही. पण वरून एखादा क्लॅम्प सुटून बोटावर पडला तर? पुढच्या आठवड्यात अजून एकदा बघीन. शेवटचं."

त्यानं बूट का काढले, ते मला माहीत होतं. आमच्याकडं रात्री वाघरात शिरताना वहाणा बाहेर काढून ठेवायची रीत होती. अंधारात एखादं कालपरवा जन्मलेलं कोकरू पायाखाली येऊ नये म्हणून. वहाण घातलेल्या पायाला ते फार उशिरा कळतं. पुढं बांबूवरही अनवाणीच. ज्या ठिकाणी जपून पाऊल टाकायचं, तिथं आधी जोडे काढायचे, हे त्याच्या अंगातच मुरलेलं होतं. सरावाच्या दिवसांत सर रोज दरडावून बूट घालायला लावत. परीक्षेच्या दिवशी मन वर लागलं आणि हात आपोआप नाड्यांकडं गेले.

त्या आठवड्यात मी त्याला खोलीतसुद्धा बूट काढू दिले नाहीत. कोनाड्यात देव होते, बाजूला स्टोव्ह. तो दारातच अडून राहिला.

"देवासमोर बूट घालून फिरू व्हय? आई ऐकंल तर मारंल."

"आई गावाकडं हाय. तू फिर."

तो लाजत लाजत फिरला. शेजारीण डोकावून म्हणाली, "दादासाहेब बूट घालून जेवणार वाटतं आता!" त्या रात्री तो खरंच बूट घालून जेवला, देवाकडं पाठ करून.

खोलीमागं एक जुना पाइप पडला होता. त्याच्यावरून तो दोन्ही हात पसरून चालायचा, मी बाजूनं पुस्तक धरून. एकदा तो मधेच थांबला आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं?"

"काईच कळंना. पाय बहिरे झाल्यागत वाटायलेत."

तोवर मला वाटत होतं, बूट घालायचे एवढंच पाठ करायचं आहे, माझ्या परीक्षेतल्या उत्तरासारखं. त्या वाक्यानं मी घाबरले. तो कार्डासाठी बूट घालणार आणि बहिऱ्या पायांनी त्या उंचीवर उभा राहणार, आणि हे सगळं माझं कॉलेज चालावं म्हणून. मी पुस्तक मिटलं.

"दादा, नको असलं तर राहू दे. गावाकडं जाऊ. मी बाहेरून परीक्षा देईन."

तो पाइपावरून उतरला नाही. म्हणाला, "तू वाच. कुठं आली होतीस?"

दुसऱ्या दिवशी त्यानं हेच सरांना जाऊन सांगितलं, पाय बहिरे झालेत म्हणून. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला परांचीपाशी नेलं आणि त्याचा तळहात दोन पाइप आवळणाऱ्या क्लॅम्पवर ठेवून वरचा पाइप हलवला. सैल क्लॅम्प हाताखाली कसा बोलतो, घट्ट केलेला कसा गप्प राहतो, हे दाखवलं. "पायाला कळत नाही ना? मग आधी हाताला विचार. हातानं हो म्हटलं की पाय ठेव." घरी येऊन त्यानं हे मला सांगितलं, तेव्हा बाहेर चुलीजवळच्या कुडाच्या मेढीवर, म्हणजे आधाराच्या खांबावर, तळहात ठेवून दाखवलं आणि मेढ हलली म्हणून दुसऱ्या दिवशी तिला पाचर मारली.

दुसऱ्या परीक्षेला मी कॉलेज बुडवून गेले. तो पायथ्याशी आला आणि वाकला. सगळ्यांच्या नजरा त्याच्या बुटांवर गेल्या. सर ओठ आवळून बघत होते. भाईसुद्धा गप्प.

दादानं खालच्या पाटीला दोन्ही हात लावले, कपाळाला नेले. मग हात खाली बुटांवर गेले. माझ्या मांडीवरचा डबा मी घट्ट धरला. त्यानं नाडी ओढून आणखी आवळली, दुहेरी गाठ मारली आणि चढला.

भाईला आता राहवलं नाही. "चलो, दूल्हा चढ गया!"

तो फार सावकाश चढत होता. प्रत्येक जोडावर तळहात, मग हूक, मग पाऊल. बांधून झालं, सरांनी तपासलं आणि उतरवायला सांगितलं. उतरवतानाही त्याचा वेग बदलला नाही. भाई घाई करायला लागला, तेव्हा त्याला म्हणाला, "भाई, घर कुठं पळून चाललंय व्हय?" वरचं आधी, मग त्याखालचं; फळ्या, आडवे पाइप, उभे पाइप, सगळं हातोहात खाली आलं. शेवटी पाट्या उचलल्या. जमिनीवर त्यांचे चौकोनी ठसे राहिले, कोपऱ्यात एक चांगलाच खोल. दादानं बुटाच्या टाचेनं कडेची माती आत लोटली आणि दाबली. मग पुढच्या ठशाकडं गेला.

"हे कशाला रे?" सरांनी विचारलं.

"कुणाचा पाय मुरगळंल, सर."

सरांनी मान हलवली आणि सगळे ठसे बुजेपर्यंत थांबले. मग त्याचं नाव पुकारलं.

कार्डावरच्या फोटोत तो ओरडा बसल्यासारखा दिसतो. माझं कॉलेज पूर्ण झालं, पुढं मी एका शाळेत ग्रंथपाल झाले. दादा वाळूजमध्ये, मग चिकलठाण्याला, मग शहराबाहेर जिथं जिथं उंच काही उभं राहत होतं तिथं परांच्या बांधत आणि उतरवत राहिला. शहराचं नाव बदललं, तो औरंगाबादच म्हणत राहिला, सवयीनं. हातानं आधी विचारायची सवयही राहिली. माझ्या घरी आला की शिडीला, गॅलरीच्या कठड्याला, पुस्तकांच्या मांडणीला तळहात लावून बघायचा. मांडणी हलायची. तो पान्यांची पिशवी मागवायचा.

शेवटच्या दिवसांत वहिनी आणि मी आळीपाळीनं त्याच्या तळव्यांना तेल चोळायचो. लहानपणी पाहिलेले ते भेगाळलेले, दगडासारखे तळवे आता मऊ झाले होते, कचेरीत बसणाऱ्या माणसासारखे. अंगठे तेवढे अजून बाजूला सरकलेले.

"ह्यांचं भांडण काही मिटलं नाही," मी म्हणाले.

तो हसला. मग त्यानं विचारलं, "बूट कुठं हायेत?"

"दाराशी."

"जोडीनं ठेवलेस?"

"हो रे."

तेराव्यानंतर दादाच्या अंगणातला मांडव उतरवायला माणसं आली. बांबू उपटून टेम्पोत भरले आणि निघायला लागली. अंगणात खांबांची भोकं तशीच होती. मी खाली बसून हातानं माती लोटायला लागले. टेम्पोजवळून एक जण म्हणाला, "राहू द्या ताई, आम्ही करतो ना."

"नाही करत तुम्ही," मी म्हणाले. तो ओशाळून आला आणि पलीकडच्या बाजूनं बुजवू लागला.