भट्टीवरच्या मावशी

आमच्या मावशींच्या नजरेला पडला आणि अंगावर एखादं काम न घेता घरी परतला, असा माणूस पेण ते रोहा या टापूत अजून जन्माला यायचा आहे. मावशी म्हणजे माझ्या बायकोची सख्खी मावशी, नात्याने माझी मावससासू. लग्नानंतर पहिल्यांदा रोह्याशेजारच्या अष्टमी गावात त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा पाटाभोवती रांगोळी होती, वाटीत शेवयांची खीर होती आणि पाटाशेजारी पेन्सिलींचा एक मोठा खोका नि ब्लेड ठेवलेलं होतं. जेवण होईपर्यंत मावशींनी त्याचा विषय काढला नाही, आग्रह करकरून वाढलं. मी हात धुऊन आलो तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, पान-सुपारी आमच्यात नाय. वर्गातल्या पोरांच्या पेन्सिली हायत, तेवढी टोकं काढा." नव्या जावयाला नाही म्हणता येत नाही हे त्यांनी आधीच हेरलेलं होतं. पुढे मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पेणचे एक दातांचे डॉक्टर त्यांच्या ओसरीवर सरबत प्यायले आणि दोन वाड्यांवरच्या सगळ्या पोरांचे दात तपासायचं कबूल करूनच उठले. रोह्याच्या कचेरीतल्या एका मोठ्या साहेबांना त्या भर कचेरीत "बाळा" म्हणायच्या, कारण त्यांची आई एके काळी मावशींच्या शेजारी बसून कंपनीत पाकिटं भरायची. साहेब कानापर्यंत लाल व्हायचे आणि कागद त्याच दिवशी पुढे सरकायचा.

मावशींचं शिक्षण सातवीपर्यंत. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला, मूलबाळ नव्हतं. धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगला लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात. मावशी समोरच्या गल्लीत गेल्या. तिथे दोन खोल्यांमध्ये एक छोटी संस्था नुकतीच सुरू झाली होती. तीन कार्यकर्त्या, एक कपाट, एक वजनकाटा. खांब गावापासून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याला ज्या कातकरी वाड्या आहेत तिथे या बाया संध्याकाळचे अभ्यासवर्ग घ्यायच्या, पोरांची वजनं करायच्या, आयांना दवाखान्यात न्यायच्या, जातीच्या दाखल्यांसाठी कचेरीत खेटे घालायच्या. त्यांची गाण्यांची तालीम दुपारी चालायची आणि मावशींची झोपमोड व्हायची. त्याची तक्रार करायला म्हणून मावशी गेल्या आणि तासाभराने परतल्या त्या एका वाडीवरच्या वर्गाच्या बाई होऊन. गंमत म्हणजे पुढे पोरांना गाणी शिकवायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं. त्यांच्या गळ्यात एकच सूर होता आणि तोही जरा बाजूला सरकलेला. त्यांच्या वर्गातली पोरं शाळेत गेली की प्रार्थना त्याच चालीवर म्हणायची. शाळेतल्या पेटीवाल्या गुरुजींनी महिनाभर झगडून पाहिलं आणि शेवटी पेटीच त्या चालीवर बसवली म्हणतात.

त्यांना पाण्याची विलक्षण भीती. राहायच्या अष्टमीत, संस्था पुढे मोठी जागा मिळाली म्हणून रोह्यात गेली आणि मधे कुंडलिका. पूल चांगला भक्कम, पण मी पेणहून गेलो की माझ्या स्कूटरवर मागे बसलेल्या मावशी पुलाच्या तोंडाशी डोळे गच्च मिटून घ्यायच्या आणि पाण्याचा आवाज कानावर येऊ नये म्हणून मोठमोठ्याने बोलत राहायच्या. काय बोलतोय याला अर्थ नसायचा. बाजारातले भाव, माझ्या सासूबाईंच्या लहानपणच्या खोड्या, पाढे, जे तोंडाला येईल ते. पलीकडचं पहिलं दुकान आलं की वाक्य अर्धं टाकून गप्प. त्यामुळे आमच्या घराण्यातल्या बऱ्याच गोष्टी मला अर्ध्याच ठाऊक आहेत.

दान घेण्याची त्यांची एक रीत होती. आलेली वस्तू आधी स्वतः वापरून पाहायची. एका वर्षी कुठल्याशा कंपनीने वाडीसाठी गठ्ठाभर लोकरी कोट पाठवले. वैशाख चाललेला. मावशींनी त्यातला एक कोट अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि मला म्हणाल्या, गाडी काढा. कंपनीच्या कचेरीत जाऊन बाहेरच्या सोफ्यावर त्या नुसत्या बसून राहिल्या. कोणी विचारलं तर "काय नाय, तुमचा कोट घालून बघतेय" एवढंच. दहा मिनिटांत घामाने निथळायला लागल्या. आतून एक साहेब धावत आले, पाणी दिलं, पंखा फिरवला आणि पोरांना नेमकं काय लागतं ते विचारून लिहून घेतलं. त्या पावसाळ्यात प्रत्येक पोराला रेनकोट मिळाला.

फोटोंचंही तसंच. पाहुणे वह्या वाटायला आले की पोरांना रांगेत उभं करून एकेकाच्या हातावर वही ठेवत फोटो काढायचे, ते मावशींना खपायचं नाही. एकदा थंडीत असे पाहुणे यायचे होते, त्या दिवशी त्यांनी वाडीवर पोपटी लावायला सांगितली. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मातीचं मडकं, भोवती जाळ. पाहुण्यांना जमिनीवर पंगतीत बसवलं आणि पोरांनी पानांवर गरम शेंगा वाढल्या. वह्या कोपऱ्यात पडून राहिल्या, त्या मागाहून पोरांनीच आपापल्या उचलल्या. फोटो निघाले ते तोंडं काळी झालेल्या पाहुण्यांचे. मावशी मला म्हणाल्या होत्या, फोटोत कोन देतो न कोन घेतो ते कळता नये.

हे सगळं ऐकून मावशी कधी हरल्याच नाहीत असं वाटेल. एकदा हरल्या होत्या, आणि ते मला फार उशिरा कळलं.

ते कळलं ते एका वेगळ्याच गोष्टीमुळे. त्यांच्या वर्गात सुमन नावाची सहावीतली पोर होती. हुशार, गणित तोंडी करायची आणि मग उत्तर चुकलेलं असावं म्हणून वाट बघायची, कारण एवढ्या लवकर येतंच कसं असं तिलाच वाटायचं. दिवाळी झाली की वाडीवरची निम्मी घरं वीटभट्ट्यांवर निघतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. पोरं बरोबर जातात, शाळा सुटते, पुढच्या वर्षी मागच्याच इयत्तेत बसायला लाजतात आणि मग बसतच नाहीत. त्या वर्षी सुमनचे आईबाप पेणजवळच्या जिते गावच्या बाजूच्या एका भट्टीवर निघाले. संस्थेने सांगून पाहिलं की मुलीला रोह्याच्या वसतिगृहात ठेवू, सगळी सोय करू. मावशी समजवायला वाडीवर गेल्या, मी स्कूटरसह होतोच. सुमनची आई चुलीपाशी बसली होती, मांडीवर आठ महिन्यांचं बाळ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरगी शिकंल, मावशे, मी नाय कुठं म्हनते? पन मी इटा थापीन तवा ह्याला कोन घेल?"

मावशी नेहमी कुठल्याही प्रश्नाला तयार असायच्या. त्या दिवशी बाळाच्या गालाला हात लावून उठल्या. परत येताना पुलावर डोळे मिटले, पण बोलल्या एक शब्द नाहीत.

चार दिवसांनी त्या पेणला आमच्या दारात उभ्या राहिल्या, हातात पिशवी. म्हणाल्या, चार दिवस राहीन म्हणते. त्या चार दिवसांचे सात महिने झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मला म्हणाल्या, गाडी काढा, जित्याला जायचं. भट्टीवर पोचल्यावर सरळ सुमनच्या आईपाशी गेल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "दे गो इकडं. मी घेन त्याला."

पासष्टी उलटलेली बाई भट्टीच्या धुरात बाळ सांभाळत बसणार, हे माझ्या बायकोला मुळीच पटलं नाही. त्या संध्याकाळी जेवताना तिने मावशींना चांगलंच ऐकवलं. मुलीला वसतिगृहात घालायला आईबापांना भाग पाडा, संस्थेचं वजन आहे, हे काय वेड घेतलंय. मावशींनी भात कालवता कालवता हात थांबवला आणि मग सांगितलं. पहिल्याच वर्षी त्यांनी खांबच्या बाजूच्या एका पोरीला असंच लांबच्या वसतिगृहात घातलं होतं. आई रडत होती, पोर रडत होती, आणि मावशींना वाटलं होतं की रडून रडून राहतील गप्प. पोर पंधरा दिवसांत पळून आली, निम्मा रस्ता चालत. पुन्हा शाळेची पायरी चढली नाही. आता दोन मुलांची आई आहे. "रस्त्यात भेटते ना, तोंड फिरवते," मावशी म्हणाल्या. "तिचं काय चुकलं? मी आईपासनं तोडली तिला. आईला कोनी विचारलाच नाय, तुला काय पायजे."  बायकोने मावशींच्या भातावर आमटी वाढली.

पहिला आठवडा सुमनची आई दर अर्ध्या तासाने मातीचे हात पुसत यायची, बाळ आहे ना बघायची आणि जायची. मावशी दर वेळी बाळ उचलून दाखवायच्या. दुसऱ्या आठवड्यात एका दिवशी ती दुपारपर्यंत फिरकलीच नाही, तेव्हा मावशींनी मला दुरून हात करून बोलावलं आणि कानात सांगितलं, आली नाय बघा. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. तोवर आणखी आयांनी आपापली बाळं आणून सोडली. दोन, मग पाच, मग सात. भट्टीच्या शेठने आधी कपाळाला आठ्या घातल्या; मावशींनी त्यालाच बांबू रोवायला लावले आणि वर माडाच्या झापांचं छप्पर घालून घेतलं. साड्यांच्या झोळ्या बांधल्या. संस्थेच्या बायांनी वजनकाटा आणला, खाऊचे डबे आणले, आठवड्यातून एकदा नर्स येऊ लागली. जवळच्या गावातल्या शाळेचे गुरुजी भले माणूस. त्यांनी सुमनला आणि भट्टीवरच्या आणखी सहा पोरांना हंगामापुरतं वर्गात बसवून घेतलं. सुमन सकाळी दप्तर घेऊन निघायची तेव्हा मावशी सात बाळांना एकाच चालीवर अंगाई म्हणत असायच्या. बाळं झोपायची. मला वाटतं, ते गाणं थांबावं म्हणून झोपायची.

होळीच्या सुमारास मुकादम आला आणि म्हणाला की वडखळच्या बाजूला दुसरी भट्टी आहे, तिथे हात कमी पडतायत, ही चार घरं उद्या तिकडे हलवायची. त्यात सुमनचं घर होतं. वार्षिक परीक्षा महिन्यावर आलेली. मावशींनी दुपारभर मनातल्या मनात भाषणाची तयारी केली. मी झापाबाहेर बसलो होतो, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. संध्याकाळी मुकादम पुन्हा आला. मावशी उठल्या, पदर सारखा केला, तोंड उघडलं, आणि त्यांच्याआधी सुमनची आईच बोलली. थापलेल्या विटांच्या रांगेपलीकडे उभी राहून, आवाज न चढवता.

"पोरीची परीक्षा हाय. ती होईपातुर आमी हितंच."

मुकादम म्हणाला, असं चालत नाही, कामाला आलात का शाळेला. ती म्हणाली, दोनीला. मग तिच्या शेजारची बाई विटांचा साचा खाली ठेवून तिच्याजवळ येऊन उभी राहिली, मग तिसरी. मुकादमाने शेठकडे पाहिलं, शेठने मावशींकडे, आणि मावशींनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. दुसऱ्या दिवशी दुसरी माणसं वडखळला गेली. घरी येताना स्कूटरवर मावशी माझ्या पाठीला कपाळ टेकून बसल्या होत्या. थोड्या वेळाने माझा शर्ट ओला लागला. मी गाडी जरा हळू घेतली.

सुमन सहावी पास झाली. त्यानंतरची वर्षं सरळ गेली असं नाही. एक वर्ष ताप आला, दहावीत गणितातच अडकली, याचं मावशींना हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पुन्हा बसली, सुटली. आता नर्सिंगचा कोर्स करून पेणमध्येच एका दवाखान्यात आहे. मावशींच्या शेवटच्या दुखण्यात सुई टोचायला तीच यायची आणि मावशी तिच्याकडूनही पेन्सिलींना टोकं करून घ्यायच्या. ते आठ महिन्यांचं बाळ नववीत आहे आणि त्याला शाळेचा मनापासून कंटाळा आहे.

मावशी गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. परवा काही कामाने हमरापूरला गेलो होतो, तसाच पुढे जित्याला गेलो. भट्टी आहे. पाळणाघरही आहे, पण आता झापांचं नाही; पत्र्याची बरीशी खोली आहे, भिंतीवर फळं-फुलांची चित्रं, पोरांच्या हजेरीची वही, दाराशी हात धुवायला नळ. तसली पाळणाघरं संस्था आता बऱ्याच भट्ट्यांवर चालवते, असं तिथल्या कार्यकर्तीने सांगितलं. विशीतली मुलगी होती, आगरी बोलणारी, मला ओळखत नव्हती. मी कोण ते तिने विचारलं. मी म्हटलं, पूर्वी इथे एकांना स्कूटरवरून सोडायला यायचो. कोणाला, ते तिने विचारलं नाही. आतलं एक बाळ कुरकुरलं, तिकडे तिचं लक्ष गेलं. म्हणाली, "काका, आता पोरा झोपलीत. आवाज नको. चारनंतर या."

घड्याळात तीन वाजून गेले होते. मी बाहेर विटांच्या ढिगाला टेकून बसलो. आतून तिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. गळा गोड होता, सूर अगदी जागच्या जागी. मी चार वाजेपर्यंत ऐकत बसलो.