तिच्या वर्तणुकीची हमी

माझी मुलगी फुटबॉलमध्ये स्टॉपर आहे. आपल्या गोलच्या पुढे उभं राहून समोरून येणाऱ्याला अडवायचं, हे तिचं काम. वरणगावला आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या वसाहतीतल्या मैदानावर ती मुलांबरोबर खेळायला लागली, तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नव्हतं. पुढे ती जिल्ह्याच्या संघात गेली, मग राज्याच्या, आणि एक दिवस बाहेरच्या एका क्लबने तिला करारावर घेतलं. मुलीला फुटबॉल खेळायचा पगार मिळतो, हे माझ्या शिफ्टमधल्या लोकांना कितीतरी दिवस खरंच वाटत नव्हतं.

तोच क्लब एकदा जळगावला मैत्रीचा सामना खेळायला आला. वसाहतीतली निम्मी माणसं आली होती. चोपड्याहून माझी सासुरवाडीही आली. दुसऱ्या हाफमध्ये तिच्या संघाची गोलकीपर चेंडू अडवताना गोलच्या खांबावर आपटली. ती उठली खरी, पण माझ्या मुलीला विचारू लागली, "स्कोअर काय झाला?" मुलीने सांगितलं. जरा वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं आणि मग गवतावर बसूनच राहिली.

खेळ थांबला. संघाचे मॅनेजर मैदानात आले आणि तिचा दंड धरून ओढू लागले. "ऊठ. नाटकं बंद कर."

"सर, तिला बाहेर घ्या. डॉक्टर बोलवा," मुलगी म्हणाली.

त्यांनी ऐकलं नाही. तिला ओढत, फरफटत थेट राखीव खेळाडूंच्या बाकापर्यंत आणलं, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा मैदानाकडे ढकलू लागले. तेव्हा माझ्या मुलीने दोन्ही हातांनी त्यांना मागे लोटलं. ते बाकावरून पलीकडे पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. मी समोरच्या पायऱ्यांवर बसलेलो होतो. सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी पोलीस स्टेशनला तक्रार झाली. आठवड्याच्या आत क्लबने एका पानाचं पत्र पाठवून करार रद्द केला.

मी घाबरलो, हे लपवत नाही. आमच्या नोकरीत गेटवर रोज झडती होते. घरात पोलीस केस, हा विचारच मला सहन होत नव्हता. मॅनेजरकडून निरोप आला, की लेखी माफीनामा दिला तर प्रकरण मिटवू. मजकूरही त्यांनीच पाठवला. मी तो मुलीपुढे ठेवला आणि म्हणालो, "सही कर, विषय संपव."

तिने तो कागद दोनदा वाचला. "पप्पा, मी त्यांना ढकललं, ते पडले, त्याची माफी मागते. पण इथे 'विनाकारण' लिहिलंय. तेवढा शब्द काढतील का?"

मी फोन करून विचारलं. ते काढणार नव्हते. तिने कागद घडी करून मला परत दिला.

मी तिच्यावर ओरडलो. तिचं करिअर, तिचं लग्न, माझी अब्रू, सगळं बाहेर काढलं. स्वयंपाकघरातून बायको आली. रागावली की ती माहेरच्या बोलीत बोलते. "तिनी काय चोरी करी का? खरं शे ते खरं शे!" मी कागद खिशात घातला.

आमचे वकील भुसावळचे. त्यांनी सोपा रस्ता सांगितला. "बाकात पाय अडकून पडले, असं म्हणू. बघणारे सगळे आपलेच लोक होते."

"माझ्या हाताने पडले, वकीलसाहेब," मुलगी म्हणाली.

वकिलांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, सोपी केस अवघड करून आणलीत तुम्ही."

मग तारखा सुरू झाल्या. त्या काळात एकही क्लब तिला विचारत नव्हता. तरी ती रोज सकाळी मैदानावर जायची, भिंतीवर चेंडू मारायची आणि तारखेच्या दिवशी अंघोळ करून माझ्याबरोबर जळगावची गाडी धरायची. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात ते मॅनेजर समोर आले. मी तोंड फिरवलं. ती मात्र पुढे झाली. "सर, मूठ नीट वळते का आता?" त्यांनी मूठ उघडझाप करून पाहिली. "थंडीत दुखते," म्हणाले आणि निघून गेले. ती नंतर गाडीत खिडकीकडे तोंड करून रडली.

गोलकीपर साक्षीला आली, याचं मला आजही नवल वाटतं. ती अजून त्याच क्लबमध्ये होती. वकिलांनी त्या दिवशी काय घडलं ते विचारलं. ती म्हणाली, "मला तो सामना आठवतच नाही. आठवतं ते थेट हॉस्पिटल." मॅनेजरनीही उलटतपासणीत कबूल केलं, की त्यांनी डॉक्टर बोलावला नव्हता.

निकालाच्या दिवशी न्यायाधीश मॅडमनी सांगितलं, की प्रसंग राग यावा असाच होता, तरी माणसाचा हात मोडला आहे आणि मुलीने ते पहिल्यापासून नाकारलेलं नाही. गुन्हा शाबीत झाला. शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तिला सोडायचं ठरलं. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "हिच्या वर्तणुकीची हमी कोण देणार?"

माफीच्या कागदावर सही कर म्हणणारा मी, सगळ्यांच्या आधी उठून उभा राहिलो. "मी देतो, मॅडम. मी तिचा बाप."

सही करताना छाती अशी भरून आली होती, की कारकुनाने दोनदा सांगूनही मी नाव चुकीच्या रकान्यात लिहिलं.

काही महिन्यांनी तिने एका नव्या क्लबला अर्ज केला. त्यात एक प्रश्न होता, कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहात का? तिने 'होय' लिहिलं आणि खाली चार ओळींत सगळी हकीकत मांडली. तिथल्या प्रशिक्षक मॅडमचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. त्यांनी केसबद्दल एकच गोष्ट विचारली.

"ती गोलकीपर आता कशी आहे?"

"बरी आहे, मॅडम. खेळते."

"मग सोमवारी सरावाला ये."

आज ती त्याच संघाची कप्तान आहे. फॅक्टरीत नवीन आलेली पोरं विचारतात, "नाना, तुमची मुलगी ती केसवाली ना?" मी म्हणतो, "हो, तीच. बसा, सांगतो."