पहिलं अक्षर थोरलीचं

प्रमिलाबाईंशी माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच. सावरपोड वडनेरच्या पुढं आहे, डांबर संपलं की बैलगाडीच्या चाकोरीनं जायचं. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. वनहक्काच्या भांडणात मी तिथल्या लोकांसोबत उभा राहिलो आणि तिथलाच होऊन गेलो. एक दिवस जाऊन बघतो तर जाड भिंगाचा चष्मा घातलेली एक बाई मोहाच्या झाडाखाली बसून पोडातल्या देवकाबाईला प्रश्न विचारत होती आणि भराभर लिहून घेत होती. माझं डोकं फिरलं. असे लय पाहिले. येतात, लिहितात, मोठे होतात.

मी म्हणालो, "मॅडम, तुमच्या पुस्तकात पोड येईल. पण पोडात तुमचं पुस्तक वाचणारं कोण?"

देवकाबाईच माझ्यावर उखडली. "सचिनभाऊ, पाहुनीवर काऊन खेकसून राह्यला? चहा घे न् गप बस."

बाई मात्र रागावल्या नाहीत. "प्रश्न बरोबर आहे," म्हणाल्या आणि लिहिणं थांबवलं. माझी तयारी पुढच्या भांडणाची होती, ती वाया गेली.

बाई सिंदी रेल्वेच्या. वडलांचा कापसाचा धंदा. घरचे म्हणत, हिशेब शीक. हिनं घेतलं नीतिशास्त्र. वर्ध्याच्या एका कॉलेजात तेच शिकवलं. खरं कधी बोलावं, वचन कधी मोडावं, नियम आणि माणूस आमनेसामने आले तर कोणाचा हात धरावा. ज्या गोष्टींवरून आम्ही चौकात एकमेकांची कॉलर धरतो, त्या ही बाई खडूनं फळ्यावर मांडायची. वर्गात पोरं मोजकीच. त्यातल्याच काही पोरांना घेऊन कॉलेजचं शिबिर पोडावर आलं. शिबिर गेलं, बाई येत राहिल्या. आदिवासी जीवनावर त्यांचं इंग्रजीत जाडजूड पुस्तक झालं, दिल्लीपर्यंत व्याख्यानं झाली.

अभ्यासात त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: आपण बघायला आलोय, मध्ये पडायला नाही. आता सावरपोडाची एक रीत आहे. शेतात नवं पीक आलं की पहिला घास वयानं सगळ्यात थोरल्या बाईनं खायचा. तिनं उष्टावल्याशिवाय बाकीच्यांनी तोंडाला लावायचं नाही. पौषात तुरीच्या हिरव्या शेंगा उकडल्या की देवकाबाई टोपलं आधी प्रमिलाबाईंपुढं धरायची. बाई हात जोडायच्या. "तुमचं चालू द्या. मी पाहुणी. मी बघते."

"बघून पोट भरते का वं बाई?" देवकाबाई म्हणायची, आणि मग नाइलाजानं स्वतः पहिली शेंग सोलायची. दर वर्षी हेच.

मग बाई निवृत्त झाल्या. लोक पेन्शन घेऊन नागपूरला फ्लॅट बघतात. ही बाई पाट्यांचा गठ्ठा घेऊन वडनेरला बसमधून उतरली. मला म्हणाली, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आले. उशीर झाला."

मी गठ्ठा उचलला.

बाई पोडातच राहिल्या, शेंगांच्या टोपल्यापुढं मात्र अजून हात जोडायच्या. दिवेलागणीला शाळेच्या खोलीत वर्ग भरायचा. आधी बाई फळ्यावर अक्षर काढायच्या, मग बाया पाटीवर. देवकाबाईची पेन्सिल रोज मोडायची. "नांगर धरल्यासारखी धरू नका," बाई म्हणायच्या. "मंग नांगर दे न वं मले," असं देवकाबाई म्हणाली की सगळा वर्ग खिदळायचा. पण वाचायला लागली. एकदा वडनेरच्या स्टँडवर एसटीची पाटी मोठ्यानं वाचून तिनं कंडक्टरलाच सांगितलं, गाडी कुठं चालली ते.

वर्गाला पैसा एका संस्थेचा. यंदा त्यांचा निरोप आला: साक्षरतेच्या परीक्षेत निम्म्याहून जास्त बाया पास झाल्या तर वर्ग चालेल, नाहीतर बंद. बाईंनी निरोप वाचून दाखवला. त्या दिवशी पेन्सिलसुद्धा मोडली नाही.

पौषातला रविवार. देवळीचे धीरज गुरुजी पेपर घेऊन आले. पोरगा सरळ, पण नियमाला घाबरणारा. त्यानं फळा पुसून घेतला, बाईंना मागं भिंतीशी खुर्ची दिली आणि म्हणाला, "मॅडम, एक शब्द बोलायचा नाही." बाईंनी मान हलवली. मी दारात. पेपर वाटले. पहिला प्रश्न: आपले नाव व गाव लिहा.

एकही पेन हललं नाही.

जी बाई झोपेत आपलं नाव लिहील, तीसुद्धा हातावर हात ठेवून बसलेली. वेळ चाललेला. मला वाटलं, घाबरल्या. मी धीरजवर भडकलो, "काय म्हणालास रे त्यांना? कोरा पेपर गेला तर वर्ग जाईल!"

"सचिन, तू गप," बाई म्हणाल्या. मग धीरजला, "गुरुजी, फक्त इतकंच विचारते." आणि देवकाबाईला, "काऊन लिहत नाई?"

पहिल्यांदाच बाईंच्या तोंडून 'काऊन' ऐकलं.

देवकाबाईला नवल वाटलं. "तू नाई लिहलं न अजून. रोज तूच लिहतं पह्यले. हे बी नवंच हाये. थोरलीनं उष्टावल्याबिगर आमी कसं लिहाचं?"

"थोरली तर तुम्ही."

"माह्याहून मोठी तू हायेस. पोडात तुझ्याहून मोठं हाये कोन?"

"पण मी तर..." बाईंनी सुरुवात केली, पण 'पाहुणी' हा शब्द काही बाहेर आला नाही. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला.

धीरज कासावीस. "मॅडम, तुम्ही पेपरला हात लावला तर ती कॉपी होईल."

"त्यांच्या पेपरला नाही लावत. मला वेगळा कागद द्या, कोरा. मी परीक्षेला बसते."

"तुम्ही? डॉक्टरेट आहे ना तुमची?"

"मनाई आहे का?"

त्यानं सूचनांचा कागद उलटापालटा करून बघितला. असली मनाई लिहून ठेवायचं कोणाच्या डोक्यात आलं असेल?

बाई सतरंजीवर देवकाबाईशेजारी मांडी घालून बसल्या. गुडघे कुरकुरले. शाळकरी पोरीसारखा डाव्या हाताचा आडोसा केला, कोणाला दिसू नये म्हणून. नाव झरझर लिहिलं. मग हात थांबला. काहीतरी खोडलं, पुन्हा थांबला. सगळ्या बाया त्या हाताकडं बघत होत्या. शेवटी बाईंनी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

खोलीभर एकदम पेनं चालू झाली.

निकाल पुढं लागला. वर्ग वाचला. देवकाबाई मात्र वजाबाकीत गेली. "वजा काऊन कराचं?" ती अजून भांडते. "कोनं मांगतलं त देऊन टाकाचं, झालं." पुढच्या वर्षी परत बसणार आहे.

पण त्या दुपारी धीरजनं पेपर गोळा केले आणि बाईंचा कागद माझ्या हातात दिला. तो पाठवायचा नव्हता. गावाच्या जागी आधी 'सिंदी' लिहून खोडलं होतं. पुढं लिहिलं होतं, सावरपोड.

मी खोचकपणे विचारणार होतो की बाई, खरं-खोटं शिकवण्यात आयुष्य गेलं, हे कशात बसतं? विचारलंही, पण आवाज काही खोचक निघाला नाही.

"तपासते आहे," बाई म्हणाल्या.

अंगणात शेंगांचं टोपलं आलं होतं, वाफा निघत होत्या. देवकाबाईनं ते बाईंपुढं धरलं. "तपासत बसजो मंग. आधी खा, पोरी खोळंबल्या."

बाईंनी हात जोडले नाहीत. एक शेंग उचलली, बोटं भाजली, तरी सोलली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

"आता बोल्ली थोरलीवानी," देवकाबाई म्हणाली, आणि टोपल्यावर सगळ्यांचे हात पडले.