काकीच्या अंगणात मी केलेलं भाषांतर

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. तुमच्यापाशी बोलतोय, पण तुम्ही फार जवळचे वाटता म्हणून नव्हे. खरं सांगू? मला तुमचा थोडा रागच येतो. तुमच्या घरी ते पाकीट कधी ना कधी आलेलं असणार — मातकट कागद, वर सुतळीची गाठ, मागे बारीक अक्षरात 'हे घेऊन तुम्ही एका कारागीर कुटुंबाला आधार दिलात'. तुम्ही ते वाचलंत, तुम्हाला बरं वाटलं, आणि एक सुकेळं तोंडात टाकलंत. ते बरं वाटणं मी तयार करतो. त्याचा मला पगार मिळतो.

सुकेळी माहीत नसतील तर सांगतो. आमच्याकडची राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि सहा-सात दिवस उन्हात वाळवायची, की ती मधासारखी होतात. विरारच्या पश्चिमेला आमच्या वाड्या आहेत. तिथं पूर्वी घरोघरी हे चालायचं. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं उरलीत, आणि त्यातलं एक हिराकाकीचं. हिराकाकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका लवकर गेला, मूलबाळ नाही. मी कॉलेजात होतो तेव्हा दुपारचं जेवण तिच्याकडेच असायचं, आणि मी जेवून उठेपर्यंत ती बसायची नाही.

तिचा एक नियम होता. नियम तिचा एकटीचा नव्हे, सगळ्याच जुन्या बायकांचा, पण तिच्याइतका कुणी पाळला नाही. केळी बांबूच्या तट्ट्यावर मांडलेली असताना मधेच मळभ आलं, एक दिवस जरी ऊन चुकलं, तरी ती अख्खी खेप विकायची नाही. घरात खायची, शेजारी वाटायची, उरली तर म्हशीला घालायची. मी एकदा म्हटलं होतं, काकी, कोण बघायला येतंय? ती म्हणाली, "खानारा बघतो ना." एवढंच. आणि पुढची केळी उलटायला लागली.

मग ते पाकीट विकणारी कंपनी आली. नाव सांगत नाही. नुसता धंदा नाही करायचा, समाजाचं आणि निसर्गाचंही भलं करायचं — अशी तिची घटनाच आहे म्हणे. परदेशातल्या एका संस्थेचं तसं प्रमाणपत्रही मिळालेलं, आणि दर काही वर्षांनी ती संस्था तपासायला माणूस पाठवते. कंपनीच्या मॅडम मुळातच श्रीमंत, बोलायला अतिशय गोड. त्यांना वाडीतला, इंग्रजी येणारा माणूस हवा होता. मी आयताच सापडलो. गोखिवऱ्याच्या औद्योगिक गाळ्यात आमचं पॅकिंग, आणि तिथं भिंतभर रंगवलेलं वाक्य — 'माणूस आधी'. त्या भिंतीखाली काम करणाऱ्या मुलींना बसायला स्टूल मिळावं म्हणून मला तीन वेळा लिहावं लागलं. पण तो विषय वेगळा. मी विषय बदलतोय, कळतंय मला.

कंपनी काकीची सुकेळी घेऊ लागली, आणि पाकिटावर तिचा फोटो घालायची कल्पना माझी. नुसते हात आणि अर्धा हसरा चेहरा. खाली 'हिराकाकींच्या हातची, वसईच्या उन्हातली'. हे वाक्यही माझंच. काकीनं ते पाकीट देव्हाऱ्याशेजारी उभं करून ठेवलं होतं. पहिल्या वर्षी त्या वाक्यात काहीच खोटं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. पण पहिल्या वर्षाची कबुली कोण मागतंय?

दुसऱ्या वर्षी मागणी वाढली आणि नेमकं ऐन हंगामात आभाळ धरलं. आठवडाभर ऊन नाही. काकीनं एकामागून एक दोन खेपा वाटून टाकल्या. मॅडमनी मला बोलावलं. त्या म्हणाल्या, "निलेश, तू बघून घेशील ना?" हे असले लोक कधीच स्पष्ट सांगत नाहीत. हात स्वच्छ ठेवायची त्यांना लहानपणापासून सवय असते. मी बघून घेतलं. बाजारातून केळी उचलली, गाळ्याच्या मागच्या बाजूला सुकवणीचं विजेचं यंत्र बसवलं, आणि जे तयार झालं ते काकीच्या फोटोच्या पाकिटात भरलं. ऊन आल्यावर यंत्र बंद करणार होतो. केलं का? तुम्हीच सांगा, चालू झालेलं असलं काही कधी बंद होतं का?

इथपर्यंत सांगायला फारसं जड गेलं नाही. सगळेच करतात, असं म्हणायची सोय आहे. माझी खरी गोष्ट याच्यापुढे सुरू होते, आणि मी मुद्दाम रेंगाळतोय.

त्या वर्षी तपासनीस आला. उंच, शांत, पन्नाशीचा परदेशी माणूस. कागदपत्रं पाहिली, मान डोलावली. मग त्यानं एक पाकीट फोडलं, सुकेळं उलटंपालटं केलं आणि खिडकीपाशी नेऊन पाहत राहिला. सुकेळ्याच्या पाठीवर बारीक चौकोन उमटलेले होते. बांबूच्या तट्ट्यावर वाळवलेल्या केळ्यावर आडव्या रेघा उठतात. चौकोन उठतात ते यंत्रातल्या तारेच्या जाळीचे. इतकी वर्षं वाडीत काढलेल्या मला ते दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं, की बघितलंच नव्हतं?

त्यानं विचारलं, हे उन्हातलं आहे का? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काकींना विचारावं लागेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्याची तयारी मी त्या एका वाक्यात केली. आणि मला ते वाक्य बोलताना काहीही वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

चौकशीच्या वेळी मालकानं हजर राहायचं नाही, असा त्या संस्थेचा कडक नियम. दुभाष्या मात्र कंपनीचा चालतो. अक्कल बघा! कुंपणानंच शेत खायचं आणि वर शेताला विचारायचं, काही तक्रार आहे का. तर तपासनीस आणि मी, आम्ही दोघंच गेलो.

काकीनं अंगण सारवून ठेवलं होतं. पाहुणा परदेशातून येणार म्हणून नवं लुगडं नेसली होती. तिला वाटलं, तिचं काम बघायला आलाय. एका अर्थी खरंच होतं. तिनं त्याला तट्टे दाखवले, ते उन्हात ठेवायचा मांडव दाखवला, केळं कसं उलटायचं ते दाखवलं. मांडवावरची सुकेळी त्यानं हातात घेऊन पाहिली असती तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. पण त्या दिवशी मांडव रिकामा होता. आदल्या दिवशीच मळभ आलं होतं आणि तिनं खेप वाटून टाकली होती.

त्यानं इंग्रजीत विचारलं, तुम्ही कधी यंत्र वापरता का?

मी काकीला विचारलं, "काकी, मळभ आलं की काय होतं तुझ्या केळ्यांचं?"

ती म्हणाली, "मग काय इलाज हाय? ऊन कोनाच्या हातात हाय? ती खेप जातेच रे. वाईट वाटतं, पन काय करनार."

मी त्याला इंग्रजीत सांगितलं — त्या म्हणतात, ऊन नसलं की इलाज नसतो, तेव्हा एका नातेवाइकाच्या यंत्रात वाळवून घेते. कंपनीला माहीत नव्हतं. त्यांना वाईट वाटतंय.

काकी मान हलवत होती. माझ्या इंग्रजीचं तिला केवढं कौतुक! त्यानं वहीत लिहून घेतलं आणि तिला समजुतीनं दोन शब्द बोलला, की परिस्थिती माणसाला असं करायला लावते, तुमच्यावर राग नाही. मी तिला सांगितलं, काम फार आवडलं म्हणतोय. तिनं हात जोडले. त्याला ती माफी वाटली. त्यानंही हात जोडले.

हे मी केलं. घाबरून तोंडातून गेलं, असं नाही. गोखिवऱ्याहून वाडीपर्यंतच्या रस्त्यात, गाडीत त्याच्या शेजारी बसून, मी वाक्यं जुळवत होतो. कुठला प्रश्न विचारला की ती कुठलं उत्तर देईल, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिच्या हातचं जेवून मी तिला ओळखायला शिकलो होतो.

कंपनीचं प्रमाणपत्र राहिलं. चूक शोधायला स्वतःहून मदत केली म्हणून अहवालात आमच्या पारदर्शकतेचं कौतुक झालं. काकीचा माल 'सन्मानपूर्वक' थांबवला, पाकिटावरचा तिचा फोटो काढून टाकला, तिथं आता केळीच्या पानाचं चित्र आहे. मला बढती मिळाली. समाजावर आमचा किती चांगला परिणाम होतो, हे मोजणाऱ्या विभागाचा मी प्रमुख आहे. हसू नका. किंवा हसा.

अहवालातली बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. हिराकाकीनं गुपचूप मशीन लावलं. लग्नाघरी नेहमी तिच्याकडून सुकेळी न्यायचे, ते दुसरीकडे जाऊ लागले. देवळाच्या पायरीवर एका बाईनं तिला तोंडावर विचारलं, वीज किती लागते हो? काकी मला फोनवर हे सांगताना रडत नव्हती. ती चिडली होती. आयुष्यभर आभाळाकडे बघत काढलेल्या बाईला हे ऐकावं लागलं, आणि ऐकवणारीला मी तो शब्द पुरवला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं. म्हणाली, त्या साहेबाला कोनीतरी खोटं सांगितलंय. तू त्याला कागद लिही. माज्याकडं मशीन नाय, येऊन बघ म्हनावं. मी तिच्यासमोर बसून लिहिलं, चांगल्या इंग्रजीत लिहिलं, एक शब्दही खोटा नाही. वाचून दाखवलं, मराठीत अर्थ सांगितला — या वेळी बरोबर सांगितला. तिनं खाली सही केली. सहीला तिला वेळ लागतो. 'हिरा' लिहून थांबली, मग काकाचं नाव, मग आडनाव.

ते पत्र मी पाठवलं नाही.

त्याला दोन हंगाम झाले. काकीनं तेव्हापासून मांडव घातलेला नाही. राजेळीचे घड झाडावर पिकतात, वटवाघळं खातात. लोक म्हणतात, पकडली गेली म्हणून बंद केलं. ती म्हणते, साहेबाचा कागद येऊ दे, चार माणसांत वाचून दाखवीन आणि मगच केळं सोलीन. तोवर माझ्या हातचं सुकेळं कुणी खायचं नाही.

मी दर रविवारी जातो. ती जेवायला वाढते. मागच्या रविवारी भात वाढता वाढता तिनं विचारलं, "कागद आला का रे?"

मी म्हटलं, अजून नाही, काकी. लांबचा देश आहे, वेळ लागतो.

ती म्हणाली, "लागू दे." आणि मला आणखी भात वाढला. मी जेवलो.